दांडी डावीकडे, होडी उजवीकडे

ज्याला समुद्राने एकदा नाकारलं त्याला जमीनही कधी पुरती आपलं म्हणत नाही, तो आयुष्यभर दोहोंच्या मधल्या चिखलात उभा राहतो, असं जीवन काशिराम नाखवा याचं मत होतं. हे मत त्याने नवीन पनवेलमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या, ग्रिल लावलेल्या आणि चिखलाचा मागमूस नसलेल्या बाल्कनीत बसून बनवलं होतं, आणि बनवताना त्याच्या हातात आलं घातलेल्या चहाचा कप होता. त्याने ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. एकदा बायकोला सांगायला गेला, तर चारुता म्हणाली, "तुला उरणला गावी जाऊन यायचं असलं तर सरळ सांग, रविवारी जाऊ." त्यावर तो "नको, तसं काही नाही" म्हणाला, आणि रविवारी दोघं मॉलमध्ये गेली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जीवन जिथे प्लास्टिकच्या वस्तू आखायचा त्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, निळ्या ताडपत्रीच्या पंधरा फुटी टाकीत, आठ वर्षांच्या एका मुलीने दांडी डावीकडे ढकलली आणि होडी उजवीकडे गेली. घडलं ते एवढंच. मुलगी म्हणजे मालक हरेशभाईंची लेक, नाव पूर्वी. शाळेला कसलीशी सुट्टी होती म्हणून चाचणीसाठी आणलेली. होडी म्हणजे लहान मुलाने वर बसून चालवायची प्लास्टिकची होडी. पोटात बॅटरीवरचा पंप, तो खालच्या जाळीतून पाणी ओढणार, मागच्या दोन तोट्यांतून जोरात फेकणार, त्या धक्क्याने होडी पुढे. बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी एक दांडी. ती हलवली की एका तोटीचं पाणी वाढायचं, दुसरीचं कमी व्हायचं, आणि होडी वळायची. पंखा नाही, पातं नाही, कोणाचं बोट कापायची भीती नाही. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जरा वर उचललेली, जीवनच्या गावच्या, उरणजवळच्या करंज्याच्या होड्यांची असते तशी. नाळेवर दोन मोठे डोळे होते, तेवढे मात्र हरेशभाईंचे. "जीवनभाई, पोरांना डोळे लागतात," असं म्हणून त्यांनी स्टिकर स्वतः आणून चिकटवले होते.

"बेटा, इकडे वळव, माझ्याकडे, लेफ्टला," हरेशभाई मोबाइल धरून म्हणाले. ते शूटिंग करत होते. पूर्वीने दांडी डावीकडे ढकलली. होडी पूर्ण आत्मविश्वासाने उजवीकडे वळली, टाकीच्या काठावर आपटली आणि एक लाट गर्शोमच्या बुटांवर गेली. मुलीने पुन्हा केलं, होडी पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा तिने दांडी सोडून दिली, हात मांडीवर ठेवले, आणि तक्रारीचा सूर न लावता, वर्गातल्या बाईंना फळ्यावरची चूक दाखवावी तशी म्हणाली, "जीवन अंकल, हे उलटं आहे."

गर्शोमने बूट झटकले. हा गर्शोम अष्टमकर साचाखात्यातला, वय एकसष्ट, पनवेलच्या उरल्यासुरल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांपैकी एका घरातला. भाऊ कधीच इस्राएलला गेला, हा राहिला. का राहिला असं विचारलं तर म्हणायचा, साचा अर्धा होता. "पंप मस्त चाललाय," गर्शोम म्हणाला. त्याचं लक्ष फक्त गळतीकडे असे. हरेशभाईंनी शूटिंग बंद केलं. "वायर उलटी लागली काय?" "वायर नाही, दोन पाइप आहेत," गर्शोम म्हणाला. "मग पाइप उलटे लागले." आणि इथे जीवन, ज्याने एकोणीस वर्षांत मालकाला "बघतो", "करतो" आणि "हो" या तीन शब्दांपलीकडे क्वचितच उत्तर दिलं होतं, तो म्हणाला, "नाही. बरोबर लागलेत."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पूर्वीनेही पाहिलं. जीवनला स्वतःचा आवाज थोडा जाड वाटला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. "होडीला असंच असतं," तो म्हणाला. "दांडी इकडे, तर नाळ तिकडे." हरेशभाईंनी मोबाइल खिशात टाकला. तो माणूस वाईट नव्हता; त्याच्याकडे बादल्यांचे बेचाळीस प्रकार होते आणि प्रत्येकाबद्दल त्याला आपुलकी होती. "जीवनभाई, होडी कुठे आहे? खेळणं आहे. शनिवारी मॉलवाल्या हेतलबेन येणार. बारा पीस तरी घेतील. त्यांना आवडलं तर साचा आपण काढायचा, डिझाइन तुमचं, खाली तुमचं नाव पण टाकू छोटं. नाही आवडलं तर मी तयार माल मागवतो बाहेरून, बदकं. तुम्ही बघा." एवढं बोलून ते पूर्वीला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. जाताना ती मागे वळून होडीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एखादा मतिमंद पण सज्जन प्राणी भेटल्यावर येते तशी कीव होती.

तुम्ही बघा. जीवन बघत उभा राहिला. टाकीतलं पाणी स्थिर व्हायला बराच वेळ लागतो हे त्याने सहा आठवड्यांत शिकून घेतलं होतं. सहा आठवडे रोज संध्याकाळी, कामगार गेले की, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो या टाकीत उतरत होता. होडी चाळीस किलोसाठी आणि तो बासष्ट किलोचा, म्हणून बसता येत नव्हतं. मग सीटवर वाळूची पिशवी ठेवायची, आपण मागे उभं राहायचं, हात लांबवून दांडी धरायची आणि होडीबरोबर चालायचं. डावीकडे जायचं असलं की त्याचा हात दांडी उजवीकडे रेटायचा, होडी डावीकडे यायची, आणि त्याच्या छातीत काहीतरी नीट जाऊन बसायचं, डब्याला त्याचंच झाकण लागावं तसं. एकदाही वाटलं नाही की हे उलटं आहे. आत जाऊन त्याने आराखड्याचा कागद उघडला. कोपऱ्यात त्याच्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: दांडी डावीकडे, होडी उजवीकडे. पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. म्हणजे चूक झाली होती असंही म्हणता येत नव्हतं. विचार करून, कागदावर टिपून, बाण काढून ती केलेली होती. माणूस घसरून पडला तर निदान केळ्याच्या सालीला दोष देता येतो.

एकोणीस वर्षांत त्याने बादल्या काढल्या होत्या, डब्यांची झाकणं काढली होती, लहान मुलांना संडासावर बसायची कडी काढली होती, आणि सायकलच्या मागच्या सीटवरची एक पाठ, जिची नक्कल नंतर बऱ्याच जणांनी केली. बादली कोणीतरी आखलेली असते हे लोकांना पटत नाही. ती आपोआप होते अशी समजूत आहे, आणि चांगल्या बादलीकडे बघून खुद्द जीवनलाही तसंच वाटायचं. होडी तशी नव्हती. होडी त्याने मागितली होती. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने मागितली होती: हरेशभाई म्हणाले, काहीतरी पाण्यातलं खेळणं करू या, तेव्हा जीवन म्हणाला, "मला ते जमणार नाही, मला पाण्यातलं काही कळत नाही," आणि हरेशभाई म्हणाले, "अरे, तुम्ही तर कोळी, तुम्हीच करा." त्या संध्याकाळी त्याने वडिलांना फोन केला. बा, मी होडी बनवतोय. पलीकडे बराच वेळ फक्त कोंबडीचा आवाज येत होता. मग वडील म्हणाले, "किती फुटी?" जीवन म्हणाला, "साडेतीन." पलीकडे पुन्हा कोंबडी. पण आठवड्याने गावच्या कोणाचा तरी मेसेज आला की काशिरामनाना धक्क्यावर सगळ्यांना सांगतात, आमचा जीवन पनवेलीत होड्या बांधतो. अनेकवचन वाचून जीवनला बसावं लागलं होतं.

अकरा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा होडीवर नेलं. करंज्याहून पहाटे निघाले तेव्हा त्याला थंडी वाजत होती आणि डिझेलचा वास तोंडात जाऊन चव झाला होता. किनारा दिसेनासा होण्याआधीच त्याला पहिली उलटी झाली. नंतर त्याने मोजणं सोडलं. दुपारी, परत फिरताना, वडिलांना वाटलं असावं की पोराच्या हाताला काम दिलं तर पोट विसरेल. त्यांनी त्याला मागे उभं केलं आणि सुकाणाची दांडी हातात दिली. लाकूड हाताच्या घामाने काळं, गुळगुळीत, ऊन खाऊन गरम. त्या लाकडाचा गरमपणा त्याला आजही तळहातावर सापडायचा, बसमधली दांडी धरताना, बँकेतल्या रांगेच्या कठड्यावर, कुठेही. डावीकडे जायचं होतं. त्याने दांडी डावीकडे ओढली, जशी कोणीही ओढील, जशी पूर्वीने ढकलली. होडी उजवीकडे वळली आणि थेट दुसऱ्या एका होडीच्या जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर निघाली. तिकडून कोणीतरी आईवरून शिवी दिली. वडिलांनी मारलं नाही. त्याच्या हातावर हात ठेवला, दांडी दुसऱ्या बाजूला सारली, आणि समोर बघत म्हणाले, "दर्या उलटा आयकतो रं. डावं पायजे तं उजवं सांग त्याला."

एवढं एक वाक्य घेऊन जीवन समुद्रावरून उतरला आणि पुन्हा चढला नाही. पण वाक्य त्याने वाया घालवलं नाही. दर्याच का, त्याला वाटलं, सगळंच उलटं ऐकत असणार. दहावीनंतर त्याला पनवेलीत डिप्लोमा करायचा होता, म्हणून त्याने घरी सांगितलं की मला होडीवर यायचंय. आणि वडिलांनी त्याला डिप्लोमाला घातलं. चारुता आवडली तेव्हा तो तिच्याशी सहा महिने बोलला नाही, आणि शेवटी तीच येऊन बोलली. पाहुण्यांकडे चहा हवा असला की तो नको म्हणायचा, पण हे महाराष्ट्रात सगळेच करतात, त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. हळूहळू त्याचं अख्खं आयुष्य असं तिरकं चालायला लागलं होतं, हवं त्याच्याकडे पाठ करून, आणि बऱ्याच वेळा तो पोचतही होता. जिथे पोचला नाही तिथे आपणच दांडी कमी रेटली असं म्हणायचा. आता एका आठ वर्षांच्या मुलीने सरळ डावीकडे जायचं म्हणून दांडी सरळ डावीकडे ढकलली होती. तिच्या मनात दुसरं काही येतच नव्हतं. जीवनला तिचा हेवा वाटला, मग हेवा वाटल्याची लाज, आणि मग या सगळ्याच्या तळाशी एक चमत्कारिक हट्ट: पाइप बदलायचे नाहीत. आयुष्यात एकच गोष्ट मी हाताला विचारून केली. ती बरोबर आहे. जगाने शिकावं.

"पाइप किती आहेत?" संध्याकाळी चारुताने विचारलं. ती शाळेतून आणलेल्या वह्या तपासत होती. "दोन." "मग अदलाबदल कर." "ते एवढं सोपं नाही." "का? किती वेळ लागेल?" जीवनने प्रामाणिकपणे हिशेब केला. "चार मिनिटं." चारुताने लाल पेन वहीत ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती या माणसाचं भाषांतर करत आलेली होती. "जीवन, तुला ती होडी बनायला हवीय ना?" "बनली काय, न बनली काय." "म्हणजे हवीय," ती म्हणाली. "आणि अशीच हवीय." त्याने तिच्या पेनाचं टोपण उचलून परत ठेवलं. "मुलं बुडणार नाहीत ना त्यात?" "पाणी दोन फूट आहे." "मग प्रश्न मुलांचा नाहीच," असं म्हणून तिने पुढची वही उघडली, आणि कोणाच्या तरी गणितावर शांतपणे फुली मारली. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. खाली कोणीतरी स्कूटर काढत होतं. हँडल डावीकडे, स्कूटर डावीकडे. रस्त्यावर जे जे वळत होतं ते सगळं हाताबरोबर वळत होतं. सेहेचाळीस वर्षांत हे त्याच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. तो स्वतः स्कूटर चालवायचा. फक्त पाण्यात पाय बुडले की त्याच्या हाताचं गाव बदलायचं.

शुक्रवारी वडील पनवेलीत येणार होते, ते ठरलेलंच होतं. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, तपासायला बोलावलं होतं. आणि शुक्रवारीच, चारच्या आत, पाइपांचं काय ते ठरायला हवं होतं, कारण चार वाजता गर्शोम घरी जायचा. सूर्य मावळला की त्याचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागणार, मग शनिवारी दिवे लागेपर्यंत तो पान्याला हात लावत नसे. जीवन स्वतः पाइप काढू शकला असता, पण गाळ्यातली रीत होती: ज्याने क्लिप बसवली त्यानेच काढायची. गर्शोमच्या क्लिपा दुसऱ्याने काढल्या की नंतर गळतात, हे सिद्ध झालेलं होतं. गर्शोमनेच ते सिद्ध केलं होतं. सकाळपासून तो दोनदा येऊन गेला. "काढू?" "थांब जरा." "हेतलबाईच्या पोराने काठाला टक्कर मारली तर नाक फुटेल. आमच्याकडे शनिवारी रक्त बघणंसुद्धा बरं नाही." "तू शनिवारी नसतोस." "म्हणून तर आज विचारतोय," गर्शोम म्हणाला.

एसटी स्टँडवर वडील उतरले तेव्हा त्यांनी काळा गॉगल लावला होता, दवाखान्याने दिलेला, बाजूनेही झाकणारा. पांढरा शर्ट, पायजमा, हातात पिशवी, पिशवीत सुकट. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते थोडे सिनेमातल्या खलनायकासारखे दिसत होते. दवाखान्यात तीन तास गेले. डॉक्टर म्हणाले, छान आहे. बाहेर आल्यावर जीवन म्हणाला, "बा, दमला असशील. घरी जाऊया. गाळ्यावर काय, नुसती धूळ आहे." वडील रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "ह्याच्या कारखान्यावर घे." पद्धत अजून चालत होती, जीवनला वाटलं. रिक्षा उरण नाक्यावरून गेली तेव्हा मच्छीबाजाराचा वास आत आला, आणि वडिलांनी न बघताच सांगितलं, "बर्फातली हाय. चार दिसांची."

टाकीपाशी आल्यावर वडिलांनी पिशवी खाली ठेवली.  साडेतीन फुटांची लाल प्लास्टिकची होडी निळ्या ताडपत्रीत डुलत होती आणि दोन स्टिकरच्या डोळ्यांनी जन्मभर होडी हाकलेल्या या तांडेलाकडे बघत होती. वडिलांनी गॉगल काढला, बघितलं, पुन्हा लावला. "डोलं कशाला लावलंस तिला? माजंच धड नाय." "मालकांनी लावले." "नाल बरी काडलीस," ते म्हणाले. मग त्यांनी पायजमा वर केला, गर्शोमच्या खांद्याचा आधार घेतला, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पाय उचलत, टाकीत उतरले. कोणी सांगितलं नव्हतं तरी ते मागे जाऊन उभे राहिले, सहा आठवडे जीवन उभा राहत होता तिथेच. हात लांबवला. जीवनने पंप चालू केला. वडिलांनी दांडी डावीकडे रेटली, होडी उजवीकडे गेली. उजवीकडे रेटली, डावीकडे आली. टाकीच्या चारी बाजूंनी त्यांनी ती फिरवली, काठाला न लागता, आणि त्यांच्या मनगटाची ती सैल, झोपेतल्यासारखी हालचाल बघताना जीवनला वाटलं की आता आपल्याला कोणी काही विचारू नये. "बराबर हाय," वडील म्हणाले. जीवनने गर्शोमकडे पाहिलं. त्या पाहण्यात एकोणीस वर्षांच्या बादल्या होत्या.

गर्शोमला असलं पाहणं कळत नसे. "नाना, तुमच्या बोटीवर अजून असंच असतं?" त्याने विचारलं. "नाय रं," वडील म्हणाले. "चाक हाय आता. गाडीवानी. डावीकडं फिरवलं का डावीकडं." "कधीपासून?" वडिलांनी आठवलं. "ह्यो पनवेलीस आला शिकाया, तवापासून. पंचवीस-तीस वर्सां झाली. दांडी आता कोन धरतंय? खाडीतल्या बारक्या होड्यांवर आसल कुनाकडं."

 जीवनच्या डोक्यात एक होडी होती, तिला दांडी होती, आणि ती तशीच करंज्याच्या धक्क्याला उभी होती, तीस वर्षं. गावी जाऊनही तो धक्क्यावर गेला नव्हता. घरी जायचा, जेवायचा, शेवटच्या एसटीने परत. समुद्रावरच्या माणसांनी दांडी केव्हाच टाकून दिली होती, आणि ती जपली कोणी, तर नवीन पनवेलच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, ओकारीला घाबरून पळालेल्या माणसाने. "पण बा, तूच म्हणाला होतास," तो म्हणाला, आणि त्याची भाषा त्याच्या हातून निसटली, "दर्या उलटा आयकतो. डावं पायजे तं उजवं सांग. मी अकरा वर्सांचा व्हतो तवा." वडिलांनी गॉगलमधून त्याच्याकडे तोंड केलं. "मी बोललो?" "हां." "आसल. तू रडत व्हतास. काय तरी बोलाया लागतं पोराशी." ते थोडे हसले. "बर्फावर वकला व्हतास सगला. अख्खी मावरं धुवून काडली तुज्या आयेनं. तवाच ती बोलली, ह्याला शालेत घाला, ह्यो आपला धंदा बुडवल."

म्हणजे डिप्लोमा. म्हणजे 'मला होडीवर यायचंय' हे वाक्य, जे त्याने दहावीत आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं होतं, ते कोणी उलटं ऐकलं नव्हतं. कोणी ऐकलंच नव्हतं. ठरलेलं होतं, पाच वर्षं आधी, बर्फाच्या पेटीपाशी. ज्या एका विजयावर त्याने बाकीचं आयुष्य आखलं तो विजय आईने मासे धुताना घेतलेला एक व्यवहारी निर्णय होता. आई जाऊनही नऊ वर्षं झाली होती. त्याला वाटलं आपल्याला आता काहीतरी मोठं वाटायला हवं, छातीत काही कोसळायला हवं. पण प्रत्यक्षात त्याला फक्त पाय ओले झाल्याचं जाणवलं. तो बूट न काढताच टाकीत उतरला होता.

"पोरांना जाच कशाला?" वडील म्हणाले. "त्यांनी काय जन्मात दांडी बगितलीय? बदल ती नली." गर्शोमने घड्याळ पाहिलं. साडेतीन. जीवनला जे हवं होतं ते त्याला आता माहीत होतं, आणि ते नेमकं कोणत्या बाजूला ढकलायचं ते मात्र माहीत नव्हतं. तो म्हणाला, "राहू दे, बा, सोमवारी—" आणि थांबला. मग त्याने आयुष्यात फारसं न केलेलं एक काम केलं. "गर्शोम, बदल पाइप," तो म्हणाला. "मला ही होडी शनिवारी पास व्हायला हवीय." वाक्य बोलायला सोपं नव्हतं, तोंडात नव्या दातासारखं लागलं. गर्शोम म्हणाला, "सकाळपासून तेच विचारतोय," आणि पाना घेऊन वाकला.

चार मिनिटं लागली नाहीत, सात लागली, कारण एक क्लिप गंजली होती. वडिलांनी पाण्यात उभं राहून पाइप धरला. चालू केल्यावर आधी ते मागे उभे राहिले, दांडी रेटली, आणि होडी काठावर आपटली. मग जीवनने घेतली. त्यानेही आपटली, दुसऱ्या काठावर. पुन्हा वडील, पुन्हा आपट. दोघं बापलेक टाकीत उभे राहून आळीपाळीने होडी काठावर घालत होते, आणि वडील प्रत्येक वेळी "हात्तिच्या" म्हणत होते. शेवटी गर्शोमने, जो जन्मात मोरा बंदरावरच्या प्रवासी लाँचशिवाय दुसऱ्या कुठल्याही बोटीत चढला नव्हता, टाकीबाहेरूनच हात घालून ती गोल फिरवून दाखवली, एकदाही न आपटता. "पास," तो म्हणाला, हात पुसले, वडिलांना नमस्कार केला आणि शब्बाथला गेला.

परत जाताना रिक्षात वडिलांनी सुकटाची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "जीवन." "काय?" "धक्क्यावर ये की एकदा. चाक दाकवतो तुला." जीवनच्या तोंडात नेहमीचं 'नको, कशाला' तयार होतं. ते त्याने तोंडातच ठेवलं. "येतो," तो म्हणाला. "ह्या रविवारी येतो." वडिलांनी मान हलवली, आणि मग, त्याला ऐकू जाईल न जाईल असं, "वकायची गोली घे येताना," म्हणाले.

शनिवारी हेतलबेन आल्या, दोन मुलं घेऊन, एक त्यांचं आणि एक बहिणीचं. मुलं आळीपाळीने होडीत बसली, डावीकडे ढकललं तर डावीकडे गेली, उजवीकडे ढकललं तर उजवीकडे, आणि दोघांपैकी कोणालाही त्यात विशेष काही वाटलं नाही. पूर्वी काठावर उभी होती. तिने जीवनकडे बघून अंगठा दाखवला. हेतलबेनना डोळे फार आवडले. बारा होड्यांची ऑर्डर झाली, साचा निघाला, आणि तळाशी, पंपाच्या जाळीजवळ, होडी उलटी केल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, जे. के. नाखवा ही अक्षरं आली. तीन मिलिमीटर उंचीची.

होड्या आता एका मॉलच्या तळमजल्यावर आहेत. तिथलं तळं वीस फुटांचं निघालं. वीस फुटांत बारा मुलं आपल्या मनाने वळायला लागली तर एकमेकांवर आदळतील, असं विमा कंपनीच्या माणसाने पहिल्याच दिवशी लिहून दिलं. म्हणून मधे एक लोखंडी खांब उभा केला आहे, बाराही होड्या दोरीने त्याला बांधलेल्या आहेत, आणि त्या एकामागून एक गोल फिरतात, एका तिकिटाला पाच मिनिटं. वळायचा प्रश्न येत नाही, तेव्हा आतले दोन्ही पाइप काढून तिथे एकच सरळ पाइप लावला आहे. दांड्या तेवढ्या ठेवल्या आहेत. मुलांना धरायला काहीतरी लागतं.